गिरणीतली खुर्ची

अमेरिकेतल्या लॅनियर शोल्स गावच्या सूतगिरणीत ऑर्फा गॅडिसने तीस वर्षं काढली, तीही उभ्या पायांवर. साच्यापाशी, म्हणजे सूत काढायच्या यंत्रापाशी, बसायला मनाई होती. बाई पोटुशी असो की तापाने फणफणलेली, जरा टेकलेली दिसली की मुकादम म्हणायचा, "बसायचंय? मग घरीच बस कायमची." ते घरही गिरणीचंच.

गिरणी बंद पडली आणि गाव ओस पडलं. पुढे अटलांटाच्या कुणीतरी ती घेऊन तिचं हॉटेल केलं. विटा घासल्या, धुराड्याला दिव्यांच्या माळा लावल्या, कामगारांच्या खुराड्यांना फिका निळा रंग फासला. आता सुट्टीला मोटारी भरून माणसं येतात. ज्या दालनातल्या कापसाच्या धुळीने ऑर्फाचा नवरा खोकून खोकून मेला, तिथे बसून तळलेला मासा खातात आणि म्हणतात, "किती निवांत गाव आहे!"

दालनात शोभेला एक साचा ठेवला होता. त्याच्याजवळ एखादी जुनी कामगार बाई हवी, म्हणून तिथेच वाढपाचं काम करणाऱ्या डार्लीनने आपल्या सासूला, ऑर्फाला, आणलं. मॅनेजर प्रेस्कॉटने डोलखुर्ची दिली. ऑर्फा तीत टेकली आणि सवयीने तिने मागे वळून पाहिलं. कोणी ओरडलं नाही. ऐंशीव्या वर्षी तिला गिरणीत बसायला मिळालं होतं. ही खुर्ची राहावी, एवढीच तिची इच्छा उरली.

अडचण एकच होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं साच्याने नेली होती.

"मिस ऑर्फा, लोक जेवत असतात हो," म्हणत प्रेस्कॉटने लेसचा हातमोजा आणला. त्याच्या रिकाम्या बोटांत डार्लीनने कापूस ठासला.

"बघा आई, देवाच्या बोटांपेक्षा सुबक! आता हसा मात्र बेताने. दातांना मोजा मिळत नाही."

ऑर्फा बेताने हसली.

एका रविवारी, चर्च सुटल्यावर, एका चिमुरडीने लाडाने तिचं बोट धरलं. ते चपटं झालं. पोर किंचाळली. ऑर्फाने घाबरून मोजाच काढला. "काही नाही गं सोन्या, साच्याने खाल्ली ती." हां हां म्हणता सगळं दालन ताटं टाकून तिच्याभोवती जमलं. कोणी फोटो काढले, कोणी 'हात जरा उजेडात धरा' म्हणालं.

खुर्ची गेली, असं धरूनच ती सोमवारी आली.

"मोजा नको आता," प्रेस्कॉट खुशीत म्हणाला. "लोकांना हातच बघायचाय." तिचा जीव भांड्यात पडला. "पण तुमचा आवाज फार बारीक. सांगायचं काम डार्लीन करेल."

डार्लीन सासूचा जुना एप्रन बांधून डोलखुर्चीत बसलेलीच होती.

"तुम्ही इथे, माझ्या बाजूला उभ्या राहा, आई. बसलात की हात दिसत नाही."

"माझे गुडघे, डार्लीन..."

"इतकी वर्षं राहिलात की! आता कुठे तुमच्यामागे मुकादम आहे?"

पाहुणे आत आले. डार्लीनने खुर्चीला झोका दिला, आवाज ओला केला. "या गिरणीत बायकांना क्षणभरही बसू देत नसत हो..."

मग तिने सासूला कोपराने हलकेच ढोसलं. ऑर्फाने हात वर केला.