मांजराचा चौथा पाय

नांदेडच्या एका दैनिकात मी रविवारचं मुलांचं पान सांभाळत होतो. पानाच्या खालच्या कोपऱ्यात चित्र शिकवणारी एक चौकट असे. चार पायऱ्यांत एक प्राणी: आधी दोन गोल, मग कान, मग पाय आणि शेपटी, शेवटी मिशा. मला चित्रकला येत नाही. पण गोलांवरून मांजर, ससा, हत्ती आणि अस्वल एवढं जमत होतं, आणि चौकटीला तेवढं पुरत होतं.

मुलं चित्रं पाठवत, ती बहुतेक पेन्सिलीची. वर्तमानपत्राच्या कागदावर पेन्सिल फिकी उमटते. म्हणून छापायला देण्याआधी मी त्या रेघांवरून काळं पेन फिरवत असे. ज्यांनी मला पान लावायला, म्हणजे मजकूर आणि चित्रं पानावर मांडायला, शिकवलं त्यांनीच हेही शिकवलं होतं. पेन फिरवताना वाकडा गोल थोडा सरळ व्हायचा, सुटलेली शेपटी अंगाला जोडली जायची. कधी कोणाची तक्रार आली नव्हती.

एका शनिवारी, सकाळच्या शाळेच्या वेळी, मी मुदखेडजवळच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गाला मांजर शिकवायला गेलो. निवडक चित्रं पुढच्या अंकात छापायची, असं ठरलं होतं. मी फळ्यावर दोन गोल काढले.

"हा छोटा लाडू, त्याच्याखाली मोठा लाडू."

"कशाचे लाडू, सर?" मागून कोणीतरी विचारलं.

"शेंगदाण्याचे. काढा आता."

मुलांनी काढले. अर्ध्या तासात तीसेक मांजरं तयार झाली, सगळी माझ्या फळ्यावरच्या मांजरासारखी. खिडकीजवळच्या एका मुलीनं मात्र गोल काढलेच नव्हते. तिचं मांजर कुशीवर पसरलेलं होतं, डोळे अर्धे मिटलेले, शेपटीचं टोक वर उचललेलं. पाय तीन होते.

"एक पाय राहिला," मी म्हणालो.

"राहिला न्हाई. तिला तीनच हायत."

"मांजराला चार असतात. फळ्यावर बघ."

"ती तुमची मांजर हाय. ही आमच्या घरची हाय. रुळावर पाय गेला तिचा. अब्बांनी हळद लावली होती."

तिच्या शेजारची मुलगी वही झाकत म्हणाली, "सर, ही रोज हेच सांगती. आमी कोनीच न्हाई बघितली तीन पायाची मांजर."

"घरी ये म्हनलं तर येतीस का तू?"

"तुमचं घर लई लांब हाय."

खिडकीजवळची माझ्याकडे वळली. "सर, पेपरात छापता का? मंग पटंल हिला."

"छापू," मी म्हणालो आणि पुढच्या बाकाकडे गेलो.

बुधवारी पान लावायला घेतलं. तीस चित्रांत तिचंच चित्र पाहण्यासारखं होतं, म्हणून तेच निवडलं. रेघा फार हलक्या होत्या. मी पेन फिरवलं आणि चौथा पाय काढला. विसरून काढला, असं मी म्हणू शकत नाही. तिचं बोलणं मला आठवत होतं. पण त्याच पानावर चौकटीत मी चार पायांचं मांजर शिकवलं होतं. शेजारी तीन पायांचं छापलं तर कोणी फोन करून चूक दाखवील, असं मला वाटलं. पाय काढायला पाच-सहा सेकंद लागले. रविवारी चित्र तिच्या नावानिशी छापून आलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी प्रमाणपत्रं घेऊन शाळेत गेलो. बाईंनी ते पान वर्गाच्या दारावर चिकटवलं होतं. मी आत जाताच शेजारची मुलगी उभी राहिली.

"सर, पेपरात चार हायत. म्हंजे हीच खोटं बोलती ना?"

खिडकीजवळची बसूनच होती. "सर, तुमी सांगा हिला."

"सांगाच सर," बाई म्हणाल्या. "सहा दिवस हेच चाललंय. सगळे 'चार पाय, चार पाय' म्हणून चिडवतात तिला. आणि ते मांजर आता घरी येईनासं झालंय म्हणे. त्यामुळे दाखवायचीही सोय राहिली नाही."

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "तिनं तीनच काढले होते. छापताना मशीनमध्ये गडबड झाली."

"मशीन पाय काढती का?" खिडकीजवळच्या मुलीनं विचारलं.

वर्ग हसला. ती माझी चेष्टा करत नव्हती; तिला उत्तर हवं होतं. पण वर्ग हसला तो तिलाच.

"सरांना असं विचारायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मंग माझा कागद द्या."

कागद माझ्या पिशवीत, प्रमाणपत्रांच्या खाली होता. तीन पायांच्या शाईखाली पेन्सिल दिसत होती. चौथ्याखाली नव्हती. तो कागद वर्गात फिरवला असता तर तिचं खरं ठरलं असतं आणि माझं खोटं. मी म्हणालो, "ऑफिसात राहिला. पाठवून देतो."

नांदेडला परत येऊन मी खुलाशाच्या दोन ओळी लिहिल्या. पुढाऱ्याचं पद चुकीचं छापलं गेलं तर आम्ही दुसऱ्याच दिवशी खुलासा देत होतो. वरिष्ठांनी त्या दोन ओळी वाचल्या. "मांजराच्या पायाचा खुलासा? हसतील लोक." मी आग्रह धरला नाही. त्या दोन ओळींतही मी 'छपाईतील दोषामुळे' असंच लिहिलं होतं. आणि खरं म्हणजे चित्र स्कॅन करून संगणकावर गडद करता येतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पेनाची गरज संपून बराच काळ झाला होता.

आता मी लातूरला असतो. कागद माझ्या फायलीत आहे. त्याच्या मागे तिनं स्वतःचं नाव, इयत्ता आणि गाव लिहिलेलं आहे. पाकिटात घालून तिकीट लावायचं, एवढंच काम आहे. ती आता सातवीत असेल. कागद हातात पडला की चौथा पाय कोणी काढला ते तिला लगेच कळेल. म्हणून तो अजून गेलेला नाही. मागचं अक्षर पेन्सिलीचं आहे, फिकं आहे, आणि स्वच्छ वाचता येतं.