सुलाबाईंचा मुकादम

सुलाबाई पवारांना आमच्या साखर कारखान्यात सगळे आवाजावरून ओळखायचे. कारखाना सांगलीपासून बारा मैलांवर, आणि १९६८ पासून तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर त्या बसत. मॅट्रिक झालेल्या, इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिलेल्या. नवरा कृष्णात कारखान्यातच फिटर. पंचवीस लाइनींचा बोर्ड त्या एकट्या चालवायच्या. चेअरमन मुंबईशी बोलत असोत, गोडाऊनमधून कुणी ओरडत असो, कुणाच्या घरून निरोप येवो, सुलाबाईंचा सूर एकच, "थांबा हं, देते." आणि खरंच द्यायच्या. कुणाला विसरल्या असं कधी घडलं नाही.

मी तेव्हा शेती खात्यात कारकून होतो. ऊसतोडीच्या खिडकीवर बसायचो. कुणाचा ऊस कधी तुटणार याची पाळी तिथं सांगायची. त्यामुळे पुढं जे घडलं त्यातलं निम्मं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

१९७६ साली पुण्याच्या एका कॉलेजनं आपला जुना कॉम्प्युटर आम्हाला देऊन टाकला. उसाच्या ट्रकमधून, गाद्यांत गुंडाळून तो आला. दोन कपाटांएवढं मशीन आणि खडखड वाजणारा एक टेलिप्रिंटर. सोबत आले आप्पासो जाधव. साताऱ्याकडचे, फौजेत सिग्नलमध्ये वीस वर्षं काढलेले हवालदार. पुण्यात चार महिने राहून मशीन शिकून आलेले. त्यांना इंग्रजी टाइप करणारं माणूस हवं होतं, म्हणून बोर्डावर बदली माणूस बसवून दुपारनंतर सुलाबाईंना तिकडं पाठवू लागले.

मशीनच्या डिस्कवर दोन हजार शेतकऱ्यांच्या नोंदी होत्या. कुणाची लागण कधीची, ऊस कुठल्या जातीचा, पाळी कितवी, सगळं. मशीन रोज पाळीची यादी छापायचं. पण टेलिप्रिंटर एकेक अक्षर उमटवणार, म्हणून यादीला चार तास लागायचे, आणि त्या चार तासांत मशीनला दुसरं काही विचारायची सोय नव्हती. खिडकीवर आलेल्या माणसाला मी सांगायचो, "यादी होऊ द्या."

त्या हंगामात एक दिवस विट्याकडची रंगुबाई आली. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. तिनं नवीन विहिरीवर पहिल्यांदाच दीड एकर ऊस केला होता. अकराच्या एस.टी.नं आलेली बाई तीन वाजेपर्यंत पायरीवर बसून राहिली. यादी संपली, मी तारीख सांगितली, ती पदर सावरून निघाली. मशीनच्या खोलीतून सुलाबाई हे बघत होत्या.

"आवं आप्पासो," त्या म्हणाल्या, "एका वळीच्या उत्तरापायी बाईला चार तास बसवायचं?"

"काय करणार? मशीन एका टायमाला एकच काम करतंय. त्येच्या मुकादमाला दुसरं येतच न्हाई."

मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. मशीनमध्ये कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुणाला किती जागा, हे ठरवणारा मूळ प्रोग्रॅम. ऊसतोडीच्या टोळीत हे काम मुकादम करतो, म्हणून आप्पासोंनी त्याला हे नाव दिलं होतं.

"मग मुकादम बदला की."

आप्पासो हसले. कपाटातून त्यांनी तीन जाडजूड बाडं काढून टेबलावर ठेवली. त्या मुकादमाची ओळ न् ओळ त्यात छापलेली होती. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं तो लिहिला होता आणि पहिल्याच पानावर कळवलं होतं: हा प्रोग्रॅम कुणीही वापरावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा, बदल आम्हालाही कळवलात तर आनंद वाटेल.

सुलाबाईंनी ते पान दोनदा वाचलं. "म्हंजी आपून हात लावला तर चालतंय?"

"चालतंय काय, लावा म्हणत्यात. नवा मुकादम कोण आणणार? ह्योच घ्यायचा आन् आपल्या कामाचा करायचा."

गळीत हंगाम संपल्यावर, १९७७ च्या उन्हाळ्यात, दोघं त्या बाडांवर बसले. आप्पासोंना मशीनची भाषा येत होती, पण इंग्रजी टिपा वाचताना त्यांची दमछाक व्हायची. सुलाबाई डिक्शनरी उघडून टिपा वाचायच्या, आप्पासो त्या ओळींचा अर्थ सांगायचे. पावसाळ्यापर्यंत उलटं होऊ लागलं. अर्थ सुलाबाईच सांगायच्या आणि आप्पासो मान हलवायचे.

एका दुपारी सुलाबाई खुर्चीतून उठल्याच. अक्षर उमटवायला सांगितलं की ते उमटेपर्यंत मशीन गप्प बसून वाट बघतं, हे त्यांना एका पानावर सापडलं होतं. तेवढ्या वेळात मशीन हजारो बेरजा करू शकलं असतं.

"आप्पासो, समोरचा माणूस आठवून आठवून बोलतोय म्हणून मी हातावर हात ठेवून बसते का वो? मी तवर दुसरी लाइन घेते! घंटी वाजली की पहिल्याचं कुठवर आलं ते ध्यानात ठेवायचं, दुसऱ्याचं बघायचं, परत पहिल्याकडं यायचं. ह्याला एवढंच शिकवायचंय."

"बाई," आप्पासो म्हणाले, "पुण्यात साहेब लोकांनी हेच चार दिवस फळ्यावर काढून दाखवलं. मला आत्ता कळलं."

मग काटछाट सुरू झाली. आमच्याकडं नसलेल्या यंत्रांसाठी मूळ मुकादमात पानंच्या पानं खर्ची पडली होती. ती काढली तशी मशीनच्या स्मृतीत जागा झाली. त्या जागेत सुलाबाईंनी आपल्या एक्स्चेंजची रीत लिहिली. आप्पासोंनी कुठल्याशा तारऑफिसातून मोडीत निघालेला दुसरा टेलिप्रिंटर मिळवला, खोलून धुतला, तेल दिलं आणि खिडकीशेजारी आणून ठेवला. प्रश्न त्याच्यावर विचारायचे, यादी आत चालूच राहील.

पहिल्या चाचणीला शेती अधिकारी मुद्दाम येऊन बसले. आत यादी खडखडत होती. सुलाबाईंनी बाहेर एक नाव टाइप केलं आणि लगेच उत्तर आलं. अधिकाऱ्यांनी टाळी वाजवली. तेवढ्यात मी आतला कागद बघितला. प्रश्न विचारल्यापासून पुढच्या सगळ्या गावांना एकच तारीख लागली होती. दीडशे शेतकऱ्यांचा ऊस एकाच मंगळवारी!

"एवढ्या टोळ्या आणायच्या कुठनं?" अधिकारी म्हणाले आणि आम्ही सगळेच हसत सुटलो. सुलाबाईसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी वहीत एकेक पायरी लिहून काढायला घेतली. काम करताना मशीन आठ आकडे हाताशी ठेवतं. एक काम सोडून दुसरं घेताना ते आठही आकडे जपून ठेवावे लागतात, तरच परत आल्यावर पहिलं काम होतं तसं पुढं जातं. पाचव्या दिवशी सुलाबाईंनी बोटांवर मोजलं. जपले जात होते सातच. आठवा राहिला होता, आणि तारीख पुढं सरकत होती ती नेमकी त्याच्या आधारानं.

"माझीच चूक," त्या आनंदानं म्हणाल्या. चूक सापडल्यावर एवढा खुललेला चेहरा मी क्वचितच पाहिला असेल.

मशीनला प्रोग्रॅम भरवायचा तो कागदी फितीवरच्या भोकांतून. फितीवर नवी भोकं पाडून झाली, मशीन चालू केलं. टेलिप्रिंटरवर पहिली ओळ रोमन अक्षरांत उमटली: मुकादम तयार. ती ओळ सुलाबाईंनी गुपचूप घातली होती. आप्पासोंनी उभं राहून तिला फौजी सलाम ठोकला.

हंगाम सुरू झाला तशी नोव्हेंबरात रंगुबाई आली. या वेळी भाकरी बांधून, दिवसभर बसायच्या तयारीनं. सुलाबाईंनी तिचं आणि गावाचं नाव टाइप केलं. टेलिप्रिंटर खडखडला. मी कागद फाडून वाचून दाखवला, "रंगुबाई, आठ डिसेंबर, गुरुवार. पाळी एक्केचाळीस."

"झालं?" रंगुबाई म्हणाली. "आन् आत त्यो छापतोय त्येचं काम थांबलं न्हाई?"

"न्हाई थांबलं," सुलाबाई म्हणाल्या.

"लय गुणाचं हाय की वो!" तिनं कागद मागून घेतला, चार घड्या घालून पिशवीत ठेवला. मग भाकरी सोडली आणि सुलाबाईंना, आप्पासोंना, मला जबरदस्तीनं खायला बसवलं. पुढच्या महिन्यात ती ज्वारीच्या हुरड्याचं गाठोडं घेऊन आली.

सुलाबाईंनी बदललेल्या ओळी नीट टाइप करून विद्यापीठाला पाठवल्या. तीन महिन्यांनी उत्तर आलं. तुमच्या ओळी आम्ही मूळ प्रोग्रॅममध्ये घेतल्या आहेत; नॉर्वेतलं एक बंदर त्या वापरू लागलं आहे, धक्क्याला कुठलं जहाज कधी लागणार हे तिथं आता लगेच सांगता येतं. आणि एक विनंती: मुकादम या शब्दाचा अर्थ काय, ते कृपया कळवावे.

सुलाबाईंनी दीड पान अर्थ लिहिला. मी शुद्धलेखन तपासायला घेतला, तर त्यात टोळीच्या जेवणाच्या वेळासुद्धा होत्या.

१९७९ च्या पावसाळ्यात साताऱ्याकडच्या एका कारखान्याची दोन माणसं शिकायला आली. त्यांच्याकडं तसलंच मशीन होतं, फक्त वजनकाटा त्याला जोडायचा होता. सुलाबाईंनी त्यांना फितीची नक्कल दिली आणि तीन दिवस समोर बसवून सगळं उलगडून दाखवलं. निघताना त्यांच्यातल्या एकानं भीत भीत विचारलं, "बाई, आमी ह्यात कायबी बदललं तर तुमाला चालंल?"

"बदलल्याबिगर तुमचा काटा चालायचा कसा? फकस्त काय बदललं ते मला कळवा."

आठवड्यानं एक्स्चेंजवर साताऱ्याचा कॉल आला. सुलाबाईंनी ऐकला, 'थांबा हं' म्हणाल्या आणि बोर्डावरच्या पंचवीसच्या पंचवीस लाइनींना एकेक करून बातमी दिली. साताऱ्याचा काटा चालू झाला होता. संध्याकाळी कृष्णातनं सांगलीहून भडंगाच्या दोन पिशव्या आणल्या आणि आमचं अख्खं खातं मशीनच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात भडंग खात, एकमेकांचं बोलणं तोडत उभं राहिलं.