अर्ध्या शटरच्या आत

माझी मावशी बायकांचे केस कापते. तिच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन, आरसा एक आणि बातम्या ढीगभर. बायका डोकं तिच्या हातात देतात आणि तोंड मोकळं सोडतात.

एकदा समोरच्या चष्मेवाल्यांचा विषय निघाला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूर. दुपारी अर्धं शटर ओढून ते आत एकटेच बोलतात म्हणे.

"डोक्यावर परिणाम झालाय," एकीने जाहीर केलं.

"मुलगी त्यांना कायमचं न्यायला येतेय," दुसरीने तिखटमीठ लावलं.

"तू पाहिलंस?" मावशीने विचारलं.

"मी कशाला बघू? सगळेच म्हणतात."

चष्मेवाल्यांच्या शेजारी दुकान असलेली इस्त्रीवाली तेवढी गप्प होती. मावशीने तिलाच छेडलं.

"बोलतात, हे खरं. मी ऐकलंय," ती म्हणाली. "कुणाशी, ते नाही ठाऊक. मधे भिंत आहे ना."

मावशीची कात्री थांबली. इतक्या जणींत हिलाच, आपल्याला कुठवर माहीत आहे ते माहीत होतं! आणि ज्याच्याबद्दल एवढं चाललंय, त्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. हातातलं काम संपवून, अंगावरच्या अ‍ॅप्रनसकट ती रस्ता ओलांडून गेली आणि वाकून शटरखालून आत शिरली.

चष्मेवाले आरशासमोर ताठ उभे होते. "बाई, आपली ओळख तशी जुनी, तरीही..." एवढ्यात आरशात मावशी दिसली. गडी कानापर्यंत लाल!

"कुणाशी बोलताय?"

"तुमच्याशीच. म्हणजे... सराव करत होतो."

"मग बोला की. आता मी खरीच समोर आहे."

पाठ केलेलं सगळं उडून गेलं. रिकामी फ्रेम हातात फिरवत ते कसेबसे म्हणाले, "दुपारी चहा करताना चुकून दोन कप काढतो. मग एक परत ठेवतो."

एकट्या मावशीच्या घरीही चहाचा कप एकच निघायचा. ती स्टुलावर बसली. "हे पाठ केलेलं नव्हतं ना?"

"नाही हो."

"वाटलंच. मग काढा दुसरा कप."

हे सांगताना मावशी अजूनही लाजते.

लग्नाच्या सकाळी नवऱ्यामुलाचे केस तिनेच कापले. दोघं इतके हसत होते, की डाव्या कानावरचे जरा जास्तच उडाले. फोटोत ते स्पष्ट दिसतं. घरी कुणीही आलं, की मावशी आधी तोच फोटो दाखवते, आणि काका निमूटपणे डावा कान पुढे करतात.