उसना रवंथ

तेविसाव्या वर्षी मी हरणांच्या लेंड्या वेचायचे. पशुवैद्यकीच्या पुढच्या शिक्षणासाठी मी विषयच तसा घेतला होता : दूध सुटायच्या वयात पाडसाच्या पोटात काय उलथापालथ होते. नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि माझ्याइतका मजेचा अभ्यास जगात कुणालाच मिळालेला नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

जुन्नरच्या बाजूला वनखात्याच्या रोपवाटिकेला लागून तारेच्या कुंपणात दहा-बारा चितळं होती. त्यात चार पाडसं. रोज सकाळी मी खोडदच्या घरातून निघायचे, नारायणगावला जीप बदलायचे आणि चितळांची राखण करणाऱ्या काकांच्या आधी फाटकावर हजर. पाडसांना हात लावायची गरजच नव्हती. जीव घाबरला, आईपासून तुटला की अंगात जे हार्मोन वाढतं ते लेंडीत उतरतं. पोटातले जंतूही तिथंच सापडतात. एका लेंडीत अख्ख्या पाडसाची खबरबात! ताजी लेंडी दिसली की चिमट्यानं उचलायची, बाटलीत टाकायची, बाटली बर्फात, बर्फ थर्माकोलच्या डब्यात आणि डबा मांडीवर घेऊन मी परत जीपमध्ये.

"पोलिओचा डोस का वं ताई?" शेजारच्या माणसानं एकदा विचारलं.

"न्हाई. हरणाच्या लेंड्या."

जीपमध्ये चौदा जण कोंबलेले होते, तरी पुढच्या थांब्यापर्यंत मी ऐसपैस बसले.

चारांतलं एक पाडस बिनआईचं होतं. काकांनी त्याला बाटलीनं शेळीचं दूध पाजून वाढवलं होतं. बाकीची तिघं आईच्या मागं फिरत, तिचं तोंड चाटत, तिनं अर्धवट खाल्लेला पाला हुंगत चाऱ्याला लागली. याचं दूध काकांनी कमी केलं आणि याला हगवण लागली. पोट टम्म फुगलं. लसूणघास तोंडात घ्यायचं आणि टाकून द्यायचं. रवंथ तर त्यानं कधी केलाच नव्हता.

"म्याडम, तुमी एवढं शिकल्या," काका म्हणाले, "आता सांगा की काय करायचं."

मला ठाऊक होतं ते सगळं मी केलं. औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पाडस वाळतच चाललं.

माझा उतरलेला चेहरा बघून जीपमध्ये समोर बसलेल्या बाईंनी एक दिवस विचारलंच. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या त्या मावशी, नारायणगावच्या अलीकडं त्यांचा कळप उतरला होता. मी सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या,

"त्याच्या आईनं त्याला काय दिलंच न्हाई, तर ते चारा पचवील कशानं? आमचं कोकरू असं अडलं, की आमी मेंढीच्या तोंडातला रवंथ काढतो अन् त्याला चारतो."

मी अशी ओरडले की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

"काय झालं, ताई?"

"काय न्हाई भाऊ, चला तुमी!"

चारा कुजवून पचवणारे ते कोट्यवधी जंतू पाडस पोटात घेऊन जन्मत नाही, ते त्याला आईकडून मिळतात. यावर मी वहीत दोन पानं लिहिली होती. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडातून उसने आणता येतात, हे मला सुचलं नव्हतं.

"मावशी, उद्या याल?"

"मी एकटी यीऊन काय करू? मेंढी नको का?"

मेंढी मी आधी नीट तपासून घेतली. दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या घोंगडीत गुंडाळून जीपमध्ये चढली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, हिला पण शीट लागंल का?"

"दे की. तुझ्यापरीस गप बसती."

रोपवाटिकेत मेंढी सावलीला बसली, पण रवंथ करीना. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं डोळे लावून.

"असं टक लावून बघितल्यावर ती काय करील? तिकडं तोंडं करा," मावशींनी हुकूम सोडला.

मी आणि काका निमूटपणे कुंपणाकडं तोंड करून उभे राहिलो. मला हसू आवरेना, म्हणून हळूच मान वळवली, तर मेंढीच्या गळ्यातून एक गोळा वर सरकत होता. तो तोंडात आला मात्र, मावशींचं बोट तिच्या जबड्याच्या कडेनं आत गेलं आणि हिरवा, ओला गोळा तळहातावर! कोमट पाण्यात कालवून मावशींनी तो पाडसाच्या जिभेवर मागं सारला. पाडसानं असं तोंड केलं, की काकांच्या हातातून ते सुटता सुटता राहिलं.

तीन दिवस आम्ही हेच केलं. चौथ्या दिवशी सकाळी पाडस पाय दुमडून बसलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या गळ्यात काहीतरी हललं. मग जबडा डावीकडून उजवीकडं, पुन्हा डावीकडून उजवीकडं. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"म्याडम... चघळतंय राव!"

मी उडीच मारली. पन्नाशीच्या काकांनीही मारली. सगळी चितळं उधळली, पण आमचं पाडस जागचं हललं नाही, चघळत राहिलं. त्याच्या मागं लेंड्या पडल्या होत्या. सुट्या, काळ्याभोर, चकचकीत! त्यातल्या दोन बाटलीत घालून मी पळतच सुटले, मिळेल त्या जीपला लटकले आणि मावशींचा कळप गाठला.

मावशींनी बाटली उन्हात धरून बघितली. "लेंडीच हाय की."

"मावशी, लेंडीच तर हाय!"

मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. मेंढरंसुद्धा चरायची थांबून आमच्याकडं बघायला लागली.

त्या आठवड्यात पाडसाचं ताणाचं हार्मोन किती चढलं आणि मग कसं उतरलं, ते पुढं प्रयोगशाळेत स्पष्ट दिसलं. पण मेंढीचे जंतू मिसळल्यामुळं माझ्या मार्गदर्शक सरांनी त्याचे नमुने अभ्यासातून काढायला लावले. मी हसत हसत काढले. प्रबंधात त्याच्याबद्दल एवढंच आहे : एक पाडस वगळले.

वर्षभरानं मी गेले, तेव्हा त्याच्या कपाळावर शिंगांचे कोंब आले होते आणि अंगात भलतीच हार्मोनं संचारली होती. काकांना बघितलं की ते धावून ढुशी द्यायचं. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला पायजमा वर करून मांडीवरचा काळानिळा डाग दाखवायचे आणि अभिमानानं म्हणायचे, "बघा, किती जोर आलाय त्याला!"