ज्वारीच्या डब्यामागचा मोबाइल

सीताफळं पिकायला घातली की घरभर सुटणाऱ्या गोड वासात मला अजून माझा गाढवपणा आठवतो. आम्ही दोघं नोकरीवाले, लेक आठ महिन्यांची, आणि चौसाळ्यात तिला सांभाळायला तयार झाल्या ओळखीच्या मुसलमान फळवाल्याच्या आई, आमच्या खाला, म्हणजे मावशी. थोरले काका फोनवर कडाडले, "आपल्यात कुणी मिळंना का बे? त्यांच्या हातात लेकरू?" "खालाच सांभाळतील," मी ठणकावलं, आणि पहिल्याच दिवशी ज्वारीच्या डब्यामागं मोबाइल लपवून, रेकॉर्डिंग चालू करून कामावर गेलो. एवढा मी शूर! संध्याकाळी खालांनी मोबाइल माझ्या हातात ठेवला. "घे बेटा, तुझा चौकीदार. तीनदा वाजला, लेकरू तीनदा उठलं." तिन्ही फोन काकांचेच होते. खाला म्हणाल्या, "सीताफळ दाबून दाबून बघितलं की काळं पडतं. उद्या येऊ का न्हाई, तेवढं सांग." मान खाली घालून म्हणालो, "या." तेवढ्यात चौथ्यांदा वाजला. खालांसमोरच उचलला आणि म्हणालो, "काका, लेकरू खालांजवळच राहणार. आन् दुपारचा फोन करू नका, ती झोपलेली असते." आता लेक शाळा सुटली की थेट त्यांच्या फळांच्या गाड्यावर जाते. कुणाला खटकत असेल तर खुशाल खटकू दे. मोबाइल मात्र मी ज्वारीच्या डब्यापासून लांबच ठेवतो.