वसुधासाठी न दिलेली साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय, ते विचारू नका.

वसुधा आणि मी पुण्यात एका वर्गात शिकलो आणि वीसेक वर्षांपूर्वी सिंगापूरच्या एकाच हॉस्पिटलात, एकाच सर्जरी विभागात लागलो. ती हुशार होती — ते मी सोसलं असतं. पण ती सगळ्यांना आवडायची! लिटिल इंडियातल्या मिठाईचे पुडे तिच्या टेबलावर यायचे. माझ्या नवऱ्याची पाठ दुखली तरी तो म्हणायचा, "वसुधाला विचार ना." मी काय कंपाउंडर होते? नुसता जळफळाट व्हायचा माझा. त्यात कन्सल्टंटच्या जागेसाठी तिचंच नाव पुढे होतं.

तेव्हाच ती केस झाली. मुलाकडे आलेल्या साताऱ्याच्या एक मावशी, थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन. वसुधाचा हात कुठेही चुकला नव्हता, तरी मावशींचा आवाज गेला तो गेलाच. असं होऊ शकतं हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून मुलाने दावा लावला. मावशींना तर भुलीच्या आधीचं काही आठवेना.

वसुधाने सांगितलं होतं. पण मराठीत, मावशींच्या पलंगावर बसून — आणि फाइलीत त्याची एक ओळ लिहिली नाही. परमुलखात मराठी माणूस भेटलं की आपण घरच्यासारखे होतो, नोंदबिंद विसरतो. खोलीत मराठी कळणारं तिसरं माणूस एकच — मी.

बचावाच्या वकीलबाईंची सगळी भिस्त माझ्यावर होती. लेखी नोंद नाही, तर ऐकणारा साक्षीदार हवा. "जस्ट टेल मी व्हॉट यू हर्ड, डॉक्टर." काय ऐकलं होतं मी? शब्दन्‌शब्द! "मावशी, आवाज कायमचा जाऊ शकतो बरं का," वसुधा म्हणाली होती, आणि मावशी हसून, "जाऊ दे, सून नारळ फोडंल!" — असलं कुणी विसरतं?

मी म्हणाले, मला आठवत नाही.

हॉस्पिटलने कोर्टाबाहेर तडजोड केली. कन्सल्टंटची जागा मला मिळाली. वसुधा कायमची पुण्याला निघाली, तेव्हा विमानतळावर माझा हात धरून म्हणाली, "आठवत नसताना माझ्यासाठी खोटं बोलली नाहीस, बरं केलंस. मला राग नाही गं तुझा."

तेव्हा तरी लाज वाटावी की नाही? मला तिचा हेवा वाटला — इतकं सरळ मन हिलाच का मिळावं, म्हणून.