न वाचलेल्या पुस्तकांचे जाणकार

पेडगावच्या विरूपाक्षअप्पांना मराठीतली झाडून सारी पुस्तकं ठाऊक होती, आणि त्यातलं एकही त्यांनी वाचलेलं नव्हतं. हसू नका. निजामाचं राज्य, शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. मराठी कादंबरी पेडगावात आणायची कुठून? सोलापूरचा मेहुणा एक मासिक धाडायचा, त्यात नव्या पुस्तकांची परीक्षणं असायची. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की अप्पा तीच वाचायचे. कोणाची कादंबरी पसरट, कोणाची कविता उसनी, सगळं तोंडपाठ.

पण बोलायचं कोणाशी? बायको भागम्मा वारलेली, लेकरूबाळ नाही. धोतरजोडी दाखवताना पुस्तकाचा विषय काढला की गिऱ्हाईक म्हणायचं, "अप्पा, काठ पक्का हाय का, तेवढं बोला."

मग शाळेवर दिनकरराव मास्तर आले आणि तानुबाईच्या घरी खोली घेऊन राहिले. त्यांच्या ट्रंकेत खरीखुरी मराठी पुस्तकं! अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. रोज संध्याकाळी दोघं दुकानाच्या ओट्यावर बसू लागले. अप्पा मतं ठोकायचे, मास्तर ऐकून घ्यायचे. एवढ्या वर्षांनी कोणीतरी त्यांचं ऐकत होतं हो.

एकदा मास्तरांनी एक कादंबरी त्यांच्या हाती ठेवली. तिचं परीक्षण अप्पांना पाठ होतं. तिच्यातला विधुर म्हातारा रोज बाजारात भाजीवालीशी उगाच घासाघीस करतो, तेवढंच कोणाशी बोलणं होतं म्हणून. ती पानं वाचताना अप्पा ढसाढसा रडले.

"कशी वाटली?" मास्तरांनी विचारलं.

"पाल्हाळ लय हाय," अप्पा म्हणाले. "ती बाजाराची पानं कापायला पायजे व्हती."

"हे मासिकात छापलंय, अप्पा. मीही वाचलंय. तुम्हांला काय वाटलं?"

आता तरी खरं सांगावं की नाही? पण रडलो म्हणायची लाज वाटली. जाणकाराचा तोरा आडवा आला मेला.

"मला बी तेच वाटलं."

मास्तरांनी पुस्तक उचललं. त्यानंतर ते ओट्याकडे फिरकले नाहीत. अप्पांना घास गोड लागेना. तिकडे रझाकारांची धामधूम वाढत चालली होती. शेवटी एका सकाळी दुकान न उघडताच अप्पा तानुबाईच्या दारात गेले. खोलीला कुलूप.

"मास्तर काल सरहद्दीपल्याड गेले," अंगण झाडता झाडता तानुबाई म्हणाली. "काय काम व्हतं?"

"एक पुस्तक दिलतं त्यांनी. त्याचं बोलायचं व्हतं."

"हां, ते व्हय. तुमच्यासाठी ठिवून जावं म्हणत व्हते. मग म्हणले, राहू द्या, अप्पाला ते आवडलं न्हाई."

केरसुणी कोपऱ्यात ठेवून ती आत गेली.

"आवडलं व्हतं," अप्पा म्हणाले. "लय आवडलं व्हतं." अंगणात ऐकायला कोणी नव्हतं.